कुलपाच्या जागी दचकी

दचकीला पालीची भीती वाटायची, यात नवल काही नाही. पालीला भिणारी माणसं घरटी दोन निघतील. पण दचकीला पाल निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या भिंतीचीही भीती वाटायची. "गेली म्हणजे कुठं गेली?" असं म्हणत ती स्टूल झटकायची, चपला उलट्या करून आपटायची, डब्याचं झाकण उघडून आत डोकावायची. ढग गडगडला की दचकली. सायकलची ट्यूब फुटली की दचकली. मागून कुणी हळूच "मावशी" म्हटलं की हातभर उडाली. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकली, असं शाळेतल्या नऊशे मुलींपैकी निम्म्या जणी शपथेवर सांगायच्या. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळ्या जगाला ती दचकी.

आणि अशी ही बाई एकतीस वर्षं काय करत होती, तर त्या कॅथलिक हायस्कूलच्या फाटकावर राखणीला बसत होती.

"हिच्या पाळीत चोर आला, तर बिचारा चोरी सोडून हिलाच पाणी पाजत बसेल," असं तिचा नवरा म्हणायचा. तो शाळेचा सुतार. बाकांचे मोडके पाय, खिडक्यांची कुरकुरणारी दारं, चॅपलमधली गुडघे टेकायची फळी, सगळं त्याच्याकडे. बायकोचं स्टूलही त्यानंच केलेलं, तीन पायांचं. चार पायांचं का नाही केलं म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "चौथा पाय लावला असता तर तेही दचकून पळालं असतं."

तिच्या किंकाळीचे दोन भाग असायचे. पहिला भाग "आईऽऽ गं!" हा शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत जायचा. मग दोन श्वासांइतकी गप्प जागा. आणि मग दुसरा भाग, जरा ओशाळलेल्या आवाजात, पण तेवढाच मोठ्यानं, "काही नाही हो, काही नाही!" पहिला भाग आला की गणिताच्या बाईंचा खडू फळ्यावर थांबायचा आणि दुसरा आला की पुढं चालू लागायचा. कुणी मान वर करून बघायचंसुद्धा नाही. नवीन आलेल्या मास्तरीणबाई पहिल्या आठवड्यात धावत खाली यायच्या. दुसऱ्या आठवड्यापासून त्याही खडू थांबवायला शिकायच्या.

ही भीती तिला बापाकडून मिळाली होती. बापानं दिलेली तेवढी एकच वस्तू. तो पिऊन यायचा तेव्हा पायरीवर त्याचा कुठला पाय आधी पडतो, त्यावरून आज मार आहे की नाही ते कळायचं. तिची आई मोरीत लपायची आणि ही दाराला कान लावून बसायची. डावा पाय वाजला की धोका. सात वर्षांच्या पोरीनं रोज संध्याकाळी पावलं ऐकत बसायचं, म्हणजे पुढं जन्मभर कान टवकारलेलेच राहणार. सुताराशी लग्न झालं. तो पीत नव्हता, हात उगारत नव्हता. पण पाय वाजला की ही दाराला कान लावायचीच. मग सुतार दारात येण्याआधी दहा पावलांवरून खोकायला शिकला. तीस वर्षं तो असा खोटं खोटं खोकत घरी येत होता. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याची छाती कमजोर आहे.

आता त्या फाटकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

शाळा सुरू झाली ती मिठाच्या गोदामात. चार सिस्टर, अकरा मुली, आणि एक मोठ्या मदर, ज्यांना सगळे नुसतं 'मोठ्या मदर' म्हणायचे. गोदाम भाड्याचं होतं. जुन्या इमारतीच्या त्या खोल्या अजून उभ्या आहेत आणि दमट हवेत भिंतींना अजून मिठाचा घाम सुटतो. पाचवीतल्या मुली पैज लावून ती भिंत चाटतात. ज्यांच्या पोरींना दुसरी कुठली शाळा दारात उभी करत नव्हती, त्यांच्यासाठी ही शाळा. धुणंभांडी करणाऱ्यांच्या, हमालांच्या, आणि ज्यांना कुणीच नाही अशा पोरींसाठी. मोठ्या मदरनी हॉलमध्ये एक फळी लावली होती. अक्षरं झिजली की सुतार रंगानं पुन्हा गिरवायचा. 'जी बाहेर उभी आहे, तीही आपलीच.' हे शाळेचं ब्रीद.

पण ब्रीद लिहिणं सोपं असतं. चौथ्याच वर्षी एका दुपारी फाटकावरच्या माणसानं आतून कुलूप लावलं. रस्त्यावर काही दंगा होता, त्याचं काही फार चुकलं असंही नाही. तो आत पाच पावलांवर सावलीत बसला. 'मी इथंच आहे की, कुणी आलं तर उघडीन.' मग पाणी प्यायला उठला. तेवढ्यात एक मुलगी आली. तिनं कुलूप बघितलं. हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. समोरच्या चांभारानं बघितलं होतं, म्हणून कळलं. ती पुन्हा कुणाला दिसली नाही, घरी नाही, गावात नाही. मोठ्या मदरनी ते कुलूप काढलं, फाटकाच्या उंबऱ्याखाली खड्डा करून पुरलं, वर एक दगड बसवला, आणि सांगितलं, या फाटकाला आता कुलूप लागणार नाही. कुलपाच्या जागी माणूस बसेल.

तेव्हापासून फाटकाला कडी होती, कोयंडा होता, पण कोयंडा रिकामा. शाळेत नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तिनं त्या दगडावर पाय ठेवायचा आणि फाटकावरच्या माणसाला आपलं नाव सांगायचं. फाटकावरच्या माणसानं ते नाव परत म्हणून दाखवायचं. एवढाच विधी. पण त्यामुळं फाटकावर बसणाऱ्याला शाळेतल्या प्रत्येक मुलीचं नाव ठाऊक असायचं.

दचकीच्या आधीचा म्हातारा अंगानं पहिलवान होता आणि स्टुलावर घोरायचा. तो गेल्यावर तेव्हाच्या हेडसिस्टरनी सुताराच्या नव्या नवरीला "दोन दिवस बस" म्हणून सांगितलं.

"सिस्टर, मी लई भित्री आहे हो," दचकी म्हणाली.

"बरं झालं," हेडसिस्टर म्हणाल्या. "भित्र्या माणसाला झोप लागत नाही."

त्या दोन दिवसांची एकतीस वर्षं झाली.

नववीत एक मुलगी होती. उंच, काटकुळी, बाकात मावत नव्हती. मुली तिला शिडी म्हणायच्या आणि पंख्यावरचं कोळिष्टक काढायला तिलाच उभी करायच्या. आई वारली होती, बापाचा पत्ता नव्हता. काका-काकूकडं राहायची. मोठी बहीण होती, तिला काकानं दोन वर्षांपूर्वी 'लांबच्या शहरात, मोठ्या घरी कामाला' पाठवली. एक पत्र आलं. पुढं काही नाही.

हा काका म्हणजे बघायला सज्जन. इस्त्रीचे कपडे, हळू आवाज, प्रत्येक वाक्यात "तुमच्या आशीर्वादानं". शाळेच्या स्वयंपाकीणबाईंनी त्याला एकदा पालकसभेत बघितलं आणि तिथल्या तिथं नाव ठेवलं, गोडबोल्या. "जिभेवर साखर ठेवून फिरतोय मेला. मुंग्या कशा लागत नाहीत?"

शुक्रवारी शाळा सुटताना शिडी फाटकापाशी रेंगाळली.

"मावशी, फाटक उघडं असतं ना नेहमी?"

"कडी असते. उचलली की उघडतं. का गं?"

शिडी दगडाकडं बघत होती. "काका मला पाठवणार आहे. ताईला पाठवली तशी. मंगळवारी माणूस येणार आहे न्यायला."

दचकी स्टुलावरून उठली. तिनं शिडीचा हात धरला आणि तशीच ओढत हेडसिस्टरकडं नेली. हेडसिस्टर म्हणाल्या, आजपासूनच बोर्डिंगमध्ये राहा, खाट मांडते. शिडी ऐकेना. ताईचं पत्र घरी गादीत शिवून ठेवलं होतं. पत्ता त्याच्यावरच होता. ते घेतल्याशिवाय ताईला शोधणार कसं? रिकाम्या हातानं आत्ता राहिली, तर काका घर झाडून काढणार आणि पत्र चुलीत घालणार.

हेडसिस्टरनी कॅलेंडरकडं बघितलं. मग म्हणाल्या, "सोमवारी ये. मी सकाळीच सरकारी कचेरीत जाऊन तुला इथं ठेवायचा कागद आणते. तू फक्त फाटकाच्या आत पोच." आणि दचकीकडं वळून म्हणाल्या, "मावशी, सोमवारी स्टूल सोडू नका."

शनिवार-रविवार दचकीला अन्न गोड लागलं नाही. सुतार म्हणाला, "अगं, एवढी भिऊ नकोस. पोरगी हुशार आहे."

"ताईपण हुशार होती," दचकी म्हणाली.

सोमवारी दहाची घंटा झाली. प्रार्थना झाली. शिडी आली नाही. दचकीनं फाटकाची दोन्ही गजांची पाखं ओढून घेतली, कडी घातली आणि रस्त्याकडं तोंड करून बसली. साडेदहा. रस्त्यावरून येणारी प्रत्येक उंच मुलगी शिडी वाटायची आणि जवळ आली की दुसरीच निघायची.

अकराच्या सुमारास पावलं वाजली. सावकाश, सारखी, घाई नसलेली. दचकीनं बघायच्या आधी ओळखलं, हा डावा पाय आहे.

"नमस्कार मावशी," गोडबोल्या गजांच्या पलीकडून म्हणाला. "आमची पोरगी आली का हो?"

दचकीनं गज धरला. "ना-नाही."

"सकाळी सहालाच बाहेर पडली. न सांगता. घरात गादी फाडून ठेवलीय. आता काय म्हणावं या पोरींना?" तो हसला. "आत बघून येऊ का?"

"सिस्टर नाहीत. सिस्टर आल्यावर या."

"बरं बरं." त्यानं कोयंड्यात एक बोट घातलं आणि ते बोट हळूहळू फिरवलं. "शंभर वर्षांची शाळा, आणि फाटकाला कुलूप नाही? चांगलं आहे. तुमच्या आशीर्वादानं आमचं काम सोपं आहे. मी गाडी घेऊन येतो, दोन माणसं घेऊन येतो, आणि वर्गावर्गात बघतो. माझीच पुतणी आहे. तुम्ही घाबरू नका हं मावशी. तुमचे हात बघा किती कापतायत."

तो गेला. दचकीनं दोन्ही हात पदरात गुंडाळले. 

पोरगी घरातून निसटलीय, म्हणजे कुठंतरी लपलीय. येईलच. पण त्याआधी हा गाडी घेऊन आला आणि आत शिरला तर? वर्गात सगळ्या बायाच. सिस्टर कचेरीत. सुतार गावात लाकूड बघायला गेलेला. भीतीला पाय असतात, डोकं नसतं. दचकी उठली, शाळेच्या मागच्या आपल्या खोलीकडं पळाली आणि दाराची साखळी नि कुलूप काढून घेऊन आली. जुनं, जाडजूड, पितळी कुलूप. त्याची किल्ली सरळ फिरायची नाही. आधी आत दाबायची, मग जरा उलटी, मग सुलटी. सुताराला ती कधी जमली नाही. दचकी डोळे मिटून उघडायची.

तिनं कडीला साखळी गुंडाळली, कोयंड्यात कुलूप अडकवलं, दाबलं. खटका वाजला आणि ती स्वतःच दचकली. कुणाला दिसू नये म्हणून वरून आपली शाल टाकली. किल्ली मुठीत धरली. पायाखाली तो दगड होता. तिनं खाली बघितलं नाही.

'मी इथंच बसलेय की,' ती मनात म्हणाली. 'आली की लगेच उघडीन.'

हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय, असं तिला वाटलं. पण कुठं, ते आठवलं नाही. भीतीत माणसाला सगळ्या गोष्टी ऐकू येतात, आठवत मात्र एकही नाही.

बाराची घंटा झाली. शाळेत बाराला सगळं थांबतं. मुली बाकाशेजारी उभ्या राहतात, डोळे मिटतात, आणि मिनिटभर प्रार्थनेला इतकी शांतता होते की मिठाच्या भिंतीतून थेंब पडला तर ऐकू यावा. रस्त्याच्या पलीकडं एक गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच. दार उघडलं नाही.

आणि डावीकडच्या गल्लीतून शिडी पळत आली.

केस सुटलेले, एका पायात चप्पल, छातीशी काहीतरी घट्ट धरलेलं. लांब टांगा टाकत ती थेट फाटकावर आली, कडी उचलायला हात घातला, शाल खाली पडली, आणि तिला कुलूप दिसलं.

तिनं हाक मारली नाही. कडी वाजवली नाही. कुलपाकडं बघितलं आणि एक पाऊल मागं गेली.

तेव्हा दचकीला आठवलं. सगळं एकदम आठवलं, पाच पावलांवरची सावली, पाणी प्यायला उठलेला माणूस, समोरचा चांभार.

"जाऊ नको! थांब, थांब, उघडते, थांब!"

किल्ली भोकात शिरेना. शिरली तर फिरेना. आत दाब, उलटी, सुलटी. एकतीस वर्षं डोळे मिटून उघडणाऱ्या हातांना ते जमेना. रस्त्यावर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. किल्ली हातातून निसटली, गजाला टण् करून आपटली आणि फाटकाच्या बाहेर पडली.

शिडी वाकली. किल्लीवर तिचा हात पडला, तेवढ्यात मागून गोडबोल्यानं तिचा दंड धरला.

"चला," तो म्हणाला. आवाज तसाच हळू. "उगीच तमाशा नको."

दचकीनं डावा हात गजांतून, उजवा दोन पाखांच्या फटीतून बाहेर घातला आणि शिडीच्या मोकळ्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. आणि मग ओरडली. "आईऽऽ गं!" आजवरच्या सगळ्या पाली, सगळे गडगडाट, सगळ्या सायकली एकत्र केल्या तरी असं ओरडली नसेल.

शाळेत कुणी हललं नाही.

का हलतील? वर्गावर्गात मुली डोळे मिटून उभ्या होत्या. दोघी-तिघी गालातल्या गालात हसल्यासुद्धा. पाल असेल. नऊशे मुली आणि पस्तीस बाया एकतीस वर्षांच्या सवयीनं दुसऱ्या भागाची वाट बघत होत्या.

गोडबोल्यानं ओढलं. दचकीचे खांदे गजांवर आदळले. "सोडा मावशी," तो म्हणाला, "तुम्हाला लागेल." तिनं सोडलं नाही. मग त्यानं खांदा लावून फाटक आत ढकललं. साखळी सैल होती. पाख वीतभर आत गेलं, परत आलं, आणि दोन पाखांच्या फटीत तिचा उजवा हात सापडला. दोन बोटं वाजली, वाळलेली काडी मोडावी तशी. तिला पुन्हा ओरडायचं होतं. आवाज फुटेना. बोबडीच वळली. नुसतं तोंड उघडं, आणि मनगट धरलेले हात. तिची सगळी भीती तोंडातून निघून त्या हातांत जाऊन बसली होती, आणि भ्यायलेल्या माणसाची मूठ उघडणं भल्याभल्यांना जमत नाही.

वर शिवणाच्या वर्गात म्हाताऱ्या शिवणसिस्टर कापड बेतता बेतता थांबून प्रार्थनेला डोळे मिटून उभ्या होत्या. ऐंशीच्या घरात, पाठीत वाकलेल्या. ऐकायला कमी येतं असं सगळे समजत होते. त्यांनी डोळे उघडले.

"ती 'काही नाही' म्हणाली का गं?" त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

मुलीनं मान हलवली. "नाही सिस्टर."

गणिताच्या बाईंचे हात प्रार्थनेत जोडलेले होते. त्याही ऐकत होत्या. स्वयंपाकीणबाई झाऱ्यासकट दारात आल्या होत्या. दोन श्वास होऊन गेले होते. पाच झाले. दहा झाले. इतकी शांतता त्या शाळेनं आजवर ऐकली नव्हती.

मग एक दार उघडलं, मग दुसरं, मग सगळीच.

शिवणसिस्टर कापडाची मोठी कात्री हातात घेऊन जिना उतरल्या. ती ठेवायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांच्या मागं दहावी, नववी, आठवी. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. नऊशे मुली नुसत्या चालत फाटकापर्यंत आल्या आणि गजांच्या आत उभ्या राहिल्या.

"आमची घरातली गोष्ट आहे," गोडबोल्या म्हणाला.

"मग जरा मोठ्यानं बोल," शिवणसिस्टर म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं. ह्या सगळ्यांनाही ऐकू दे."

आता रस्त्यावरही माणसं थांबली होती. गाडीतल्या माणसानं दार ओढून घेतलं आणि गाडी निघून गेली, गोडबोल्याला न घेताच. गोडबोल्यानं शिडीचा दंड सोडला, बाहीची इस्त्री सारखी केली आणि दचकीकडं बघितलं. "येतो मावशी," तो म्हणाला. "तुम्ही काय रोज बसताच इथं."

तो गल्लीत दिसेनासा झाला. पण फाटक अजून बंदच होतं, आणि शिडी अजून बाहेरच.

"किल्ली," दचकीला कसाबसा आवाज फुटला. "पोरी, किल्ली घे. आधी आत दाब. हां. आता जरा उलटी. जरा. आता सुलटी."

खटका वाजला. शिडी दगडावर पाय ठेवून आत आली. दचकीच्या हातातून तिचं मनगट सोडवायला दोन बायांना एकेक बोट उकलावं लागलं.

सुतार तासाभरानं आला. दहा पावलांवरून खोकला, दाराशी आला, तर दार सताड उघडं. तसाच फाटकाकडं धावला. बायकोच्या हाताला फडकं बांधलेलं, स्टुलाशेजारी आपल्या घराचं कुलूप.

"घर उघडं टाकून शाळा बंद केलीस होय?" तो म्हणाला. थट्टा करायची होती, पण शेवटच्या शब्दाला आवाज फाटला.

संध्याकाळी हेडसिस्टर कागद घेऊन परतल्या. दचकी त्यांच्या खोलीच्या दारात उभी होती. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात स्टूल, स्टुलाच्या पायाला अडकवलेलं ते कुलूप.

"हे काय?"

"घ्या. मी कुलूप लावलं. मोठ्या मदरच्या दगडावर उभी राहून लावलं. पोरगी परत फिरली होती, सिस्टर. एक पाऊल मागं गेली होती. मी बघितलं."

हेडसिस्टरनी कुलूप हातात घेतलं, वजन बघितलं, टेबलावर ठेवलं. "चुकलंच," त्या म्हणाल्या. "मोठी चूक. मी ती झाकणार नाही, सगळ्यांना सांगणार." मग विचारलं, "उद्या फाटकावर कोण बसणार?"

"हात दीड महिना प्लास्टरमध्ये आहे म्हणाले डॉक्टर."

"बसायला हात लागत नाहीत, मावशी."

शिडी बोर्डिंगमध्ये राहिली. पाय खाटेबाहेर जातात म्हणून सुतारानं खाटेला फळी वाढवून दिली. ताईच्या पत्रावरच्या पत्त्यावर कचेरीतली माणसं जाऊन आली. घर बंद होतं, शेजारी बोलायला तयार नव्हते. दुसऱ्या एका पत्त्याचा माग लागला आहे, म्हणतात. शिडी दर शनिवारी हेडसिस्टरच्या दाराशी जाऊन उभी राहते, आणि हेडसिस्टर 'नाही' अशी मान हलवतात.

आता नव्या मुली पहिल्या दिवशी दगडावर पाय ठेवतात तेव्हा गोष्ट दचकीच सांगते. पहिलं कुलूप कुणी लावलं, ते सांगते. मग न वळणारी दोन बोटं पुढं करून म्हणते, "आणि दुसरं मी." मुली बोटांना हात लावून बघतात. एखादी विचारते, "मावशी, मग आता तुमची भीती गेली ना?"

"जाते कुठं?" दचकी म्हणते. "तिला इथंच पगार मिळतो."

पाल दिसली की अजून ओरडते. फरक एवढाच झाला की आता पहिल्या भागालाच सगळ्या खिडक्या उघडतात आणि तिला तीन-तीनदा "काही नाही, शपथ काही नाही!" म्हणावं लागतं. गणिताच्या बाई म्हणतात, पोरींचा अभ्यास बुडतो. पण खिडकीत पहिल्या त्याच असतात.

परवा अकराच्या सुमारास रस्त्याच्या पलीकडं एक गाडी येऊन थांबली. इंजिन चालू. आत कोण आहे, काचेमुळं दिसत नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दचकीची मोडलेली बोटं ठणकायला लागली, आणि खरं सांगायचं तर पातळ थोडं ओलंही झालं. ती ओरडली नाही. उठून तिनं फाटकाची दोन्ही पाखं पूर्ण उघडली, स्टूल ओढत आणून बरोबर त्या दगडावर ठेवलं, आणि गाडीकडं तोंड करून मधोमध बसली.

पाय लटपटत होते. पण बसलेल्या बाईचे पाय लांबून कुणाला दिसतात?